पेशींना जागा आखून देणं: शिक्के, प्रकाश आणि उरलेली काच

अबोली (धागाकर्ती)

पेशी डिशमध्ये वाढवतात हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. डिशमध्ये सोडलेल्या पेशी मिळेल तिथे पसरतात, एक लांबुळकी, एक चपटी, दोन एकमेकींना खेटून, आणि मग मायक्रोस्कोपखाली एकीची तुलना दुसरीशी करायची कशी हा प्रश्न पडतो. यावर उपाय म्हणून पृष्ठभागावरच आखणी करतात. म्हणजे काचेवर काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोल, चौकोन, पट्टे असे प्रोटीनचे ठिपके काढायचे, बाकीची जागा अशी करून ठेवायची की तिथे काहीच चिकटणार नाही, आणि मग वरून पेशी सोडायच्या. पेशी ठिपक्यावर बसते आणि ठिपक्याचा आकार घेते. चौकोनी ठिपका दिला की चौकोनी पेशी, अगदी कोपऱ्यांसकट. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. ठिपका कसा काढायचा यावर सगळ्यांचा जोर असतो, पेपरांमध्ये फोटोही ठिपक्यांचेच असतात, पण पॅटर्न टिकणार की नाही हे ठरतं उरलेल्या मोकळ्या जागेवर. तिथे पेशीला पाय रोवता आला की तुमचा चौकोन कितीही रेखीव असो, उपयोग नाही.

कल्पना जुनी आहे. १९६७ साली कार्टर नावाच्या शास्त्रज्ञाने सेल्युलोज अॅसिटेटवर पॅलेडियम धातूची छोटी छोटी बेटं तयार केली होती, पेशी धातूवर बसायच्या, अॅसिटेटवर बसायच्या नाहीत. म्हणजे मूळ विचार तेव्हाच पूर्ण होता: एक जागा आवडती, दुसरी नावडती. अडचण होती ती सोपं आणि पुन्हा पुन्हा करता येण्यासारखं साधन नसण्याची. ते मिळालं १९९३ मध्ये, हार्वर्डला अमित कुमार आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी पीडीएमएसचा म्हणजे सिलिकॉन रबराचा शिक्का करून सोन्याच्या पातळ थरावर थायॉल रेणू छापले तेव्हा. थायॉलमधलं गंधक सोन्याला घट्ट धरतं आणि रेणू शेजारी शेजारी दाटीने उभे राहतात, आपोआप एक थर तयार होतो. जिथे शिक्का टेकला तिथे एका जातीचा रेणू, उरलेल्या जागी दुसऱ्या जातीचा. दुसऱ्या रेणूच्या टोकाला एथिलीन ग्लायकॉलची छोटी साखळी ठेवली की ती पाणी इतकं धरून ठेवते की प्रोटीनला पृष्ठभागापर्यंत पोचताच येत नाही. प्रोटीन नाही म्हणजे पेशीही नाही.

आता ज्या प्रयोगामुळे मी या विषयात आले तो. १९९७ साली क्रिस्टोफर चेन, डोनाल्ड इंगबर, व्हाइटसाइड्स आणि मंडळींनी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी वेगवेगळ्या आकाराच्या बेटांवर बसवल्या. मोठ्या बेटावरची पेशी पसरली आणि वाढीला लागली, छोट्या बेटावरची आक्रसून राहिली आणि मेली, रीतसर अॅपॉप्टोसिसने, म्हणजे पेशीच्या ठरलेल्या आत्मनाशाने. यावर कोणीही म्हणेल की छोट्या बेटावर प्रोटीन कमी मिळालं म्हणून मेली असेल. तर त्यांनी तिसरी रचना केली, ५ मायक्रॉनचे बारीक ठिपके थोड्या थोड्या अंतरावर, असे की पेशी त्यांच्यावरून पसरेल पण तिचा प्रोटीनशी एकूण स्पर्श छोट्या बेटाइतकाच राहील. ती पेशी जगली. म्हणजे पोषण तेच, प्रोटीन तेच, स्पर्श तेवढाच, फरक फक्त अंग किती पसरता आलं याचा, आणि त्यावर जगणं-मरणं ठरलं. हा तिसरा पॅटर्न मला आजही या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर कंट्रोल, म्हणजे तुलनेची रचना, वाटतो.

शिक्का, प्रकाश, स्टेन्सिल, इंकजेट, सुईचं टोक अशा बऱ्याच वाटा आहेत. विचारा, जमेल तसं लिहीन. ज्यांनी हे काम केलंय त्यांनीही लिहा.

जीवशास्त्र_मास्तर

अबोली, धागा फार आवडला. मी बीएस्सीच्या मुलांना शिकवतो. मुलांचा पहिला प्रश्न हाच येणार की पेशीला कळतं कसं आपण किती पसरलोय ते? डोळे नाहीत, मोजपट्टी नाही. याचं वर्गात सांगता येईल असं उत्तर हवं आहे.

अबोली

सर, उत्तर ताणात आहे. पेशी जिथे चिकटते तिथे इंटेग्रिन नावाची प्रोटीन्स बाहेरच्या फायब्रोनेक्टिनला, म्हणजे पेशींना चिकटायला लागणाऱ्या प्रोटीनला, धरतात आणि आतून अॅक्टिनच्या दोऱ्यांना जोडलेली असतात. मायोसिन हे प्रोटीन त्या दोऱ्या सतत ओढत असतं. पेशी पसरलेली असेल तर दोऱ्या लांब, जाड आणि ताणलेल्या, केंद्रक दाबून चपटं झालेलं. आक्रसलेली असेल तर दोऱ्या बारीक, ओढ कमी, केंद्रक गोलसर आणि उंच. म्हणजे पेशी सतत पृष्ठभागाला खेचून बघत असते आणि किती खेचता येतंय यावरून तिला आपली अवस्था समजते.

२०११ मध्ये इटलीतल्या पादुआच्या पिक्कोलो यांच्या गटाने दाखवलं की याप आणि टॅझ ही दोन प्रोटीन्स या ताणाप्रमाणे जागा बदलतात. पसरलेल्या पेशीत याप केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं, छोट्या बेटावरच्या पेशीत ते बाहेरच राहतं. स्टेनिंग केलेलं चित्र मुलांना दाखवा, एका बेटावर केंद्रक उजळलेलं, दुसऱ्यावर काळं. वेगळं काही समजवायची गरज पडत नाही.

आणि २००४ चा मॅकबेथ आणि चेन यांचा प्रयोग तर नक्की सांगा. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी घेतल्या आणि अशा मिश्र द्रवात ठेवल्या की त्यांना चरबीची पेशी व्हायचीही मुभा आणि हाडाची व्हायचीही. १०२४ चौरस मायक्रॉनच्या छोट्या चौकोनावर बसलेल्या चरबीकडे वळल्या, १०,००० चौरस मायक्रॉनच्या मोठ्या चौकोनावरच्या हाडाकडे. द्रव तोच. मग त्यांनी ऱ्होए नावाचं प्रोटीन, जे मायोसिनच्या ओढीचं नियंत्रण करतं, ते पेशीत बळेच चालू किंवा बंद ठेवून बघितलं तर निवड त्याप्रमाणे बदलली. म्हणजे नुसता योगायोग नाही, ओढ हेच कारण.

चिपकारखाना

मी सेमीकंडक्टरवाला, तैवानमध्ये असतो. शिक्क्याचा साचा कसा होतो ते मी लिहितो, कारण तो आमच्याच घरातून गेलाय. सिलिकॉन वेफरवर एसयू-८ हे रेझिस्ट (प्रकाशाने कडक होणारा द्रव) ओतून गरगर फिरवायचं म्हणजे एकसारखा थर बसतो, मग मास्कमधून (नक्षी असलेल्या पडद्यातून) यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाश, जिथे प्रकाश पडला तिथे ते कडक होतं, बाकीचं डेव्हलपरमध्ये धुऊन जातं. झाला साचा. त्यावर फ्लोरोसायलेनची वाफ द्यायची नाहीतर रबर निघताना साचाच उपटून येतो. मग पीडीएमएस आणि क्युरिंग एजंट १०:१ मिसळून, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढून, ओतून, ६०-७० डिग्रीला दोनेक तास. एका साच्यातून शिक्के कितीही काढा.

एवढी द्राविडी प्राणायाम कशाला, थेट काचेवरच लिथोग्राफी, म्हणजे ही प्रकाशाने आखणी, का नाही, असं कोणी विचारेल. कारण आमच्या प्रोसेसमध्ये सॉल्व्हंट आहेत, बेकिंग आहे, प्रोटीन त्यात टिकत नाही. शिक्का ही मधली सोय आहे, कडक रसायनं साच्यापुरती आणि प्रोटीनला फक्त रबराचा स्पर्श.

पण खरं सांगू का, मला शिक्का ही तात्पुरती सोयच वाटते. प्रकाशानेच थेट लिहिता येत असेल तर रबर मध्ये हवं कशाला? १९९१ मध्ये स्टीफन फोडर आणि सहकाऱ्यांनी काचेवर प्रकाशाने रेणू जोडत जोडत १०२४ पेप्टाइडं फक्त १० पायऱ्यांत बनवली. जिथे उजेड तिथला संरक्षक गट गळून पडतो आणि पुढचा घटक तिथेच जोडला जातो. त्यातूनच पुढे अफिमेट्रिक्सच्या डीएनए चिप आल्या. तीस वर्षांनंतरही पेशीवाले लोक चिमट्याने रबर काचेवर ठेवतायत हे बघून मला नवल वाटतं.

अबोली

@चिपकारखाना, प्रकाशाच्या पद्धती आहेत आणि मी त्या वापरते. सगळी काच आधी पीएलएल-पेगने झाकायची, पॉलीलायसिनचा कणा धन भाराचा म्हणून ऋण भाराच्या काचेला चिकटतो आणि त्याला लटकलेल्या पेगच्या, म्हणजे पॉलीएथिलीन ग्लायकॉलच्या, साखळ्या वर पाण्यात उभ्या राहतात. मग क्वार्ट्झवरच्या क्रोम मास्कमधून २०० नॅनोमीटरच्या आतला डीप यूव्ही काही मिनिटं दिला की तेवढ्या जागेतलं पेग जळतं, तिथे फायब्रोनेक्टिन घातलं की झालं. पॅरिसच्या अझिऊन, पिएल, तेरी वगैरेंनी ही पद्धत २००९ च्या सुमारास लोकांच्या हातात दिली. मोठा फायदा असा की दाबणं नाही, उचलणं नाही, कडा स्वच्छ येतात. त्याच्याही पुढचं म्हणजे आरशांच्या चिपने, प्रोजेक्टरमध्ये असते तशा डीएमडीने, मास्कशिवाय थेट ३७५ नॅनोमीटरचा प्रकाश पाडायचा, सोबत फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाश पडला की क्रिया सुरू करणारं रसायन. यात उजेड कमी-जास्त करून प्रोटीनचं प्रमाणही कमी-जास्त ठेवता येतं, शिक्क्याला ते जमत नाही. आणि एकाच बेटावर दोन वेगळी प्रोटीन्स नेमक्या जागी हवी असतील तर तुमचं म्हणणं बरोबरच आहे, दुसरा शिक्का पहिल्यावर जुळवून बसवणं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

पण शिक्क्याला कमी लेखू नका. एक साचा मिळाला की पुढचा खर्च रबर, प्रोटीन आणि हात. आरशांचं यंत्र सगळ्यांना परवडत नाही. भारतातल्या किती लॅबमध्ये ते असेल? शिक्का मात्र अशा कॉलेजातही होऊ शकतो जिथे फक्त एक ओव्हन आणि एक व्हॅक्यूम पंप आहे.

चिपकारखाना

खर्चाचा मुद्दा मान्य. फक्त रबर कोसळतं ते विसरू नका. ठिपके लांब लांब असतील तर मधलं छत खाली येऊन काचेला टेकतं आणि नको तिथे छापून जातं. ठिपके बारीक आणि उंच असतील तर आडवे पडतात किंवा एकमेकांना चिकटतात. उंची आणि रुंदीचं गुणोत्तर साधारण ०.२ ते २ च्या मध्ये ठेवायचं. ठिपके विरळ हवेच असतील तर डिझाइनमध्येच मध्ये मध्ये आधाराचे खांब टाका.

इरावती_पुणे

अबोलीताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. आमच्याकडे पॅटर्निंग कोणीच केलेलं नाही, मी पेपर वाचून सुरू केलंय. साचा बाहेरून करून घेतला. शिक्का फायब्रोनेक्टिनने छापते, थोडं रंगीत फायब्रिनोजेन मिसळते त्यामुळे फ्लोरोसन्समध्ये (रंगाची चमक दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली) चौकोन एकदम सुरेख दिसतात, कडा धारदार. मग मोकळी जागा झाकायला प्लुरोनिक एफ-१२७ एक तास. मग पेशी. पहिल्या दोन तासांत पेशी चौकोनावर बसलेल्या दिसतात पण दुसऱ्या दिवशी बघावं तर सगळीकडे पसरलेल्या, एका चौकोनावरून दुसऱ्यावर पूल बांधलेले, पॅटर्न होता की नव्हता तेही कळू नये इतकं. गाइड म्हणतात प्रोटीन वाढव. वाढवून बघितलं, काही फरक नाही. कुठे चुकतंय? काच प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) स्वच्छ करून घेते, त्यामुळे घाण असण्याची शक्यता कमी आहे.

अबोली

इरावती, प्रोटीन वाढवू नकोस, तुझे चौकोन चांगलेच आहेत. कारण तू शेवटच्या वाक्यात स्वतःच लिहिलंयस: प्लाझ्मा केलेली काच आणि त्यावर प्लुरोनिक.

प्लुरोनिकचा रेणू तीन तुकड्यांचा असतो, दोन टोकं पाण्याला आवडणारी आणि मधला भाग पाण्याला नकोसा. तो पृष्ठभागाला धरतो ते मधल्या भागाने, म्हणजे पृष्ठभागही पाण्याला नकोसा असायला हवा, पॉलिस्टायरीन, पीडीएमएस असा. प्लाझ्मानंतर काच पाणी अक्षरशः ओढून घेते, तिथे प्लुरोनिकला धरायला काहीच नाही. एक धुणं झालं की ते निघून जातं आणि तुझी मोकळी जागा खरोखर मोकळी राहते. मग सीरममधलं (पेशींच्या द्रवात घातलेल्या रक्तद्रवातलं) व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिन तिथे येऊन बसतं आणि पेशी त्यावर चालायला लागतात. पहिले दोन तास बरं दिसतं कारण पेशींना आयतं तयार प्रोटीन चौकोनावर मिळतं, त्या आधी तिथे जातात. रात्रभरात बाकीची काच सीरमने माखते.

बघायचं असेल तर छापायच्या आधी काचेवर पाण्याचा एक थेंब टाक. फिल्मसारखा पसरला तर तिथे प्लुरोनिक चालणार नाही.

दोन मार्ग आहेत. एक, काच तशीच ठेव, प्लाझ्मा कर, आणि प्लुरोनिकऐवजी पीएलएल-पेग वापर, ०.१ मिलिग्रॅम प्रति मिली, अर्धा ते एक तास. प्लाझ्माने काचेवर ऋण भार येतो तो याला हवाच असतो. दुसरा, काचेवर पीडीएमएसचा पातळ थर फिरवून घे, तो थोडाच वेळ यूव्ही-ओझोनमध्ये ठेव आणि मग छाप. यात मधला तोल सांभाळावा लागतो. पृष्ठभाग शिक्क्यापेक्षा जरा जास्त पाणी-प्रिय असेल तरच प्रोटीन शिक्का सोडून त्याच्याकडे येतं, पण फारच पाणी-प्रिय झाला तर प्लुरोनिक बसत नाही. चेनच्या गटाने यावर वेगळा पेपरच लिहिलाय. तुझ्या हातात प्लाझ्मा आहे आणि सवय काचेची आहे तर मी पहिला मार्ग सुचवेन.

आणखी काही गोष्टी, सुट्या सुट्या. शिक्क्यावर फायब्रोनेक्टिन २५ ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली पुरे, अर्धा-पाऊण तास, मग नायट्रोजनने पूर्ण कोरडं करून लगेच छापायचं, वाळून पडू द्यायचं नाही. छापताना वजन ठेवू नकोस, रबर स्वतःहून काचेला धरतं, चिमट्याने एका कोपऱ्यावर हलकं टेकवलं की स्पर्शाची रेषा पुढे सरकताना डोळ्याला दिसते. शिक्के आधी इथेनॉलमध्ये धुऊन घे, रबरातले न जुळलेले छोटे रेणू काचेवर उतरतात. आणि पेशी सोडताना त्या सुट्या आहेत ना ते बघ, ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढ, कमी संख्येने सोड, अर्ध्या-एक तासाने न बसलेल्या धुऊन टाक. एका चौकोनावर दोन पेशी बसल्या की तो चौकोन मोजणीतून गेला.

सह्यकडा

हातमोज्यांचं पण सांगा तिला. पीडीएमएस प्लॅटिनम कॅटॅलिस्टने जुळतं आणि गंधक-अमाइन त्या कॅटॅलिस्टला मारतात. लेटेक्सचे हातमोजे घालून मिश्रण केलं की जिथे बोट लागलं तिथे रबर चिकट राहतं, कितीही वेळ ओव्हनमध्ये ठेवा. नायट्राइल घालायचे. आणि हल्ली रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर साचा काढायची टूम आहे, तिथेही तेच होतं, रेझिनला लागून असलेलं रबर जुळत नाही. शिवाय स्वस्त प्रिंटरचा एक पिक्सेल साधारण ५० मायक्रॉनचा, त्यात एका पेशीचा चौकोन कुठून येणार.

मी डायग्नोस्टिक्समध्ये आहे, आमच्याकडे हेच सगळं जरा ढोबळ मापात चालतं. प्रेग्नन्सी टेस्ट किंवा कोविडची घरगुती किट आठवा. २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्या मायलॅबच्या कोविसेल्फला आयसीएमआरची मंजुरी मिळाली, घरी करायची देशातली पहिली टेस्ट. त्या पट्टीवर दिसणाऱ्या टी आणि सी या दोन रेषा म्हणजे नायट्रोसेल्युलोजवर ओढलेल्या अँटिबॉडीच्या रेषा. डिस्पेन्सर मशीन लांबच लांब रोलवर त्या ओढतं, मग वाळवून, कापून पट्ट्या. सॅम्पलसोबत सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवलेल्या अँटिबॉडी वाहत येतात आणि रेषेवर अडकतात, म्हणून रंग दिसतो.

अबोली म्हणतायत ते आमच्याकडेही शंभर टक्के लागू आहे. रेषा ओढणं सोपं, रेषेच्या मधली जागा गप्प ठेवणं अवघड. ती गप्प नसेल तर सगळी पट्टी गुलाबी होते, नाहीतर निगेटिव्ह सॅम्पललाही फिकट रेषा येते आणि घरात बसलेला माणूस घाबरतो. त्यासाठी सॅम्पल पॅडमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन), सरफॅक्टंट, मीठ यांचं प्रमाण ठरवण्यात आमचे महिने जातात. बाहेरून कोणाला वाटत नाही त्यात इतकं काम असेल.

पालवी

काहीच कळत नव्हतं म्हणून नुसती वाचत होते, कोविडच्या पट्टीवर आल्यावर सगळं एकदम लक्षात आलं. धन्यवाद सह्यकडा. धाग्यात स्टेन्सिल आणि इंकजेट असा उल्लेख आहे, ते काय असतं?

अबोली

पालवी, स्टेन्सिल म्हणजे रांगोळीची जाळी, तेच तत्त्व. भोकं असलेली पातळ रबरी चकती डिशवर ठेवायची, पेशी भोकांतून खाली बसतात, चकती उचलली की ठिपके उरतात. मोठ्या ठिपक्यांना झकास, आणि रसायनांची भानगड नाही. जखम भरण्याचा अभ्यास करणारे हे वापरतात, कारण चकती उचलल्या क्षणी सगळ्या पेशींना एकदम मोकळी जागा मिळते आणि त्या पुढे कशा सरकतात ते घड्याळ लावून बघता येतं.

इंकजेट म्हणजे घरातला इंकजेट प्रिंटरच, शाईऐवजी प्रोटीन. रॉबर्ट क्लेबे यांनी १९८८ मध्ये तसा प्रिंटर वापरून फायब्रोनेक्टिन छापलं होतं. आजच्या बायोप्रिंटिंगची ती सुरुवातीची पावलं. मापं मात्र मोठी, एका पेशीपुरतं नेमकं काम त्यातून नीट होत नाही. याच्या अगदी उलट टोकाला डिप-पेन, चॅड मिर्किन यांच्या गटाने १९९९ मध्ये आणलेलं. अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची सुई रेणूंत बुडवायची आणि पृष्ठभागावर लिहायचं. सुई आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये हवेतल्या बाष्पाचा इवलासा थेंब तयार होतो आणि रेणू त्यातून उतरतात, त्यामुळे खोलीतली आर्द्रता बदलली की रेषेची जाडी बदलते. १०० नॅनोमीटरच्या आतल्या रेषा काढता येतात, पण वेळ लागतो.

वैद्यबुवा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. माझ्या कानावर असं आलंय की असल्याच गोल ठिपक्यांवर मानवी भ्रूणाच्या मूलपेशी ठेवून गर्भाचे थर तयार केले. हे कितपत खरं? पेशंट नेटवर काहीबाही वाचून येतात, नीट सांगता आलं पाहिजे.

अबोली

डॉक्टर, खरं आहे, पण त्याला गर्भ म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात वॉर्मफ्लॅश, ब्रिवानलू आणि सहकाऱ्यांनी मानवी भ्रूण-मूलपेशी गोल चकत्यांवर वाढवल्या आणि बीएमपी४ हा एकच संकेत सगळ्यांना सारखाच दिला. साध्या डिशमध्ये हेच केलं तर काहीतरी गोंधळाचं मिश्रण मिळतं. गोल चकतीवर मात्र दोन दिवसांत कडेपासून मध्यापर्यंत क्रमाने वलयं तयार झाली, सगळ्यात बाहेर गर्भाबाहेरच्या ऊतीसारख्या पेशी, मग एंडोडर्म, मेसोडर्म आणि मधोमध एक्टोडर्म, म्हणजे गर्भाचे अनुक्रमे आतला, मधला आणि बाहेरचा थर. कडेच्या पेशींना संकेत जास्त जाणवतो, मधल्या दाटीतल्यांना कमी, आणि त्या एकमेकींना अडवणारे रेणूही सोडतात. कड कुठे आहे हे पेशींना ओळखता आलं, त्यातून सगळा क्रम लागला.

हा थर सपाट आहे, त्याला नाळ नाही, पुढे वाढायची क्षमता नाही. पण मानवी गर्भात हे थर गर्भधारणेनंतर दोन आठवड्यांच्या पुढे-मागे पडायला लागतात, तेव्हा बऱ्याचदा स्त्रीला दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं, तो काळ थेट बघायची सोय नव्हती. एका औषधाने त्या टप्प्यावर काय बिघडतं हे अशा शेकडो एकसारख्या चकत्यांवर तपासता येतं.

किनारा

थोडं विरोधी बोलतो, राग मानू नका. शरीरात कुठे काच आहे आणि कुठे चौकोन आहेत? काच हाडापेक्षाही कडक. तिच्यावर चौकोनी करून ठेवलेली पेशी जे काही करते ते खऱ्या शरीराला कितपत लागू होतं? यातलं निम्मं तरी काचेमुळे होणारं नाटक असेल असं मला वाटतं.

अबोली

राग कसला, हा प्रश्न आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये नेहमी येतो आणि यायलाच हवा. काच कडक आहे हे खरं, म्हणूनच पॅटर्न मऊ जेलवर उतरवतात. हृदयाच्या स्नायूपेशींचं उदाहरण घ्या. मूलपेशींपासून बनवलेल्या या पेशी साध्या डिशमध्ये कशाही आकाराच्या होतात, आतले तंतू अस्ताव्यस्त, धडधड कमजोर. बेथ प्रुइट यांच्या गटाने २०१५ मध्ये त्यांना साधारण हृदयाच्या ऊतीइतक्या मऊ जेलवर, लांबी रुंदीच्या ७ पट अशा आयतांत बसवलं, प्रौढ हृदयातल्या पेशींचा आकार असतो तसा. तंतू लांबीच्या दिशेने सरळ लागले आणि आकुंचनाचा जोर सुधारला. इथे पॅटर्नमुळे पेशी शरीरातल्या रूपाच्या जवळ गेली, दूर नाही.

यकृताचंही तसंच. यकृताच्या पेशी डिशमध्ये ठेवल्या की काही दिवसांतच आपलं काम सोडून देतात. एमआयटीच्या संगीता भाटिया आणि सलमान खेतानी यांनी २००८ मध्ये त्या ५०० मायक्रॉनच्या बेटांवर बसवल्या आणि बेटांच्या मधल्या जागेत फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) भरल्या. त्या अनेक आठवडे अल्ब्युमिन आणि औषधं पचवणारी एन्झाइमं बनवत राहिल्या. पुढे २०१३ मध्ये याच मांडणीत मलेरियाच्या परजीवींचा यकृतातला टप्पा वाढवून दाखवला, फॅल्सिपॅरम आणि व्हायवॅक्स या दोन्ही जातींचा. व्हायवॅक्स यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतो, आपल्याकडे किती घरांना हा अनुभव आहे. त्या झोपलेल्या रूपावर औषध शोधायचं तर आधी तेवढे दिवस जिवंत आणि काम करणारं मानवी यकृत डिशमध्ये हवं, आणि ते या बेटांनी दिलं. याला नाटक म्हणायला माझं मन धजत नाही.

तुमच्या शंकेत तथ्य आहे ते एकेकट्या पेशीच्या प्रयोगांबाबत. तिथे निष्कर्ष जपूनच काढावे लागतात. तरी एक सांगते. २००५ मध्ये तेरी आणि बोर्नेन्स यांनी इंग्रजी एल आकाराच्या ठिपक्यावर पेशी बसवल्या. पेशीचा बाहेरून दिसणारा आकार त्रिकोणी, तिसरी बाजू अधांतरी. विभाजनाच्या वेळी पेशी गोल होते, पण मागे बारीक धागे ठेवते जे चिकटलेल्या जागांना धरून असतात, आणि विभाजनाचा अक्ष त्या धाग्यांवरून ठरतो. म्हणजे बाहेरचा आकार नव्हे तर पाय कुठे रोवलेत ते महत्त्वाचं. हे दोन आकार वेगळे करून बघायला शरीरात जागाच नाही, तिथे काचच लागते.

किनारा

यकृताचं माहीत नव्हतं. पटलं. एकेकट्या पेशीबद्दल माझी शंका ठेवतो, पण तुम्ही ती मान्य केलीत हे बरं वाटलं.

जीवशास्त्र_मास्तर

आमच्यासारख्या कॉलेजांना क्लीनरूम कुठून मिळणार? साचा करायला मुलांना कुठे पाठवू?

चिपकारखाना

सर, आयआयटी मुंबई आणि आयआयएससी बेंगळुरू इथे इनअप नावाचा कार्यक्रम २००८ पासून आहे, बाहेरच्या संस्थांतल्या लोकांना ट्रेनिंग आणि नॅनोफॅब्रिकेशनची सोय देतात. त्यात अर्ज करून बघा. ठिपके २० मायक्रॉनच्या वर असतील तर महागडा क्रोम मास्कही लागत नाही, हाय रेझोल्यूशन छपाईची पारदर्शक फिल्म चालते. आणि वर्गात तत्त्व दाखवायला पेशीही नकोत, रंगीत प्रोटीन छापून फ्लोरोसन्समध्ये दाखवलं तरी पोरं खूश होतील.

इरावती_पुणे

ताई, थेंबाची टेस्ट केली. प्लाझ्मावाल्या काचेवर थेंब पूर्ण पसरला, दिसेनासाच झाला. तीच काच, पीएलएल-पेग घालून पुन्हा केलं. आज सकाळी बघितलं तर पेशी अजून चौकोनात आहेत, मधली काच रिकामी! काही ठिकाणी पूल आहेत पण ते मोजके. गाइडना फोटो पाठवला. आता विचारायचंय की हे किती दिवस टिकतं? मला पाच दिवसांचा प्रयोग करायचा आहे. आणि काचा आधी करून ठेवता येतील का, रोज प्लाझ्मा मिळत नाही आमच्याकडे.

अबोली

वा, छान! पूल कुठे कुठे आहेत ते फ्लोरोसन्सच्या फोटोशी जुळवून बघ. दोन चौकोनांच्या मध्ये फिकट डाग दिसत असेल तर रबराचं छत टेकलंय. डाग नसेल तर पेशी दाट सोडल्या गेल्या.

पाच दिवस अवघड नाही, पण पेशीच्या जातीवर आहे. फायब्रोब्लास्ट स्वतःच मॅट्रिक्स, म्हणजे चिकटायला लागणारं प्रोटीनचं जाळं, तयार करून टाकतात, त्यांच्या बाबतीत चौथ्या-पाचव्या दिवशी कडा ढिल्या पडायला लागतात. सीरम जितकं कमी ठेवता येईल तितकं ठेव, पेशी बसल्यानंतर एक-दोन टक्क्यांवर आणून बघ, तुझ्या पेशींना चालतं का ते आधी साध्या डिशमध्ये तपास. सोबत एक काच पेशींशिवाय, फक्त मीडियम घालून पाच दिवस ठेव आणि शेवटी त्यावर ताज्या पेशी सोड. तिथे पॅटर्न नीट आला तर पेग शाबूत आहे आणि पाचव्या दिवसाचा गोंधळ पेशींनी केलाय, नाही आला तर पेगच गेलंय. या दोन्हीवरचे उपाय वेगळे आहेत म्हणून हे आधी कळलेलं बरं.

काचा करून ठेवायच्या तर पीएलएल-पेगपर्यंत सगळं उरकून, बफरमध्ये बुडवून ४ डिग्रीला ठेव, कोरड्या नको. त्याच आठवड्यात वापरून टाक.